हत्यारं फक्त दसऱ्यापुरती?

दसऱ्याला आपण घरातली हत्यारं पुजतो. पाने, पक्कड, हातोडी पाटावर मांडतो. गाडीला झेंडूचा हार घालतो. हल्ली कॉम्प्युटरवरही हळदीकुंकवाचं बोट उमटतं. रांगोळी आपण काढतो, आपट्याची पानं आपण ठेवतो, निरांजनही आपल्याच हातात असतं. दुसऱ्या दिवशी ती पेटी गाडीच्या डिकीत नाहीतर माळ्यावर जाते आणि उरलेले ३६४ दिवस तिला हात लावायचा हक्क घरातल्या पुरुषांकडे जातो.

मैत्रिणींनो, हे कुणी आणि कधी ठरवलं? आपल्या आया-आज्या रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायच्या. पंपाचा चामडी वायसर सुकला की तेलात भिजवून परत बसवायच्या. त्यासाठी कुणाला हाक मारायची त्यांना गरज वाटत नसे. शिलाई मशीनचा पट्टा सैल झाला, शटलमध्ये दोरा अडकला, टाका सुटायला लागला, तर स्क्रू कुठला फिरवायचा हे गावातल्या निम्म्या बायकांना ठाऊक असतं. कुकरची शिटी होत नसेल तर रिंग ताणली आहे की शिटीच्या भोकात डाळ अडकली आहे, हे आपण आवाजावरून ओळखतो. याला दुरुस्तीच म्हणतात. फरक इतकाच, की स्वयंपाकघरात केली तर ती ‘कामं’ होतात आणि अंगणात गाडीखाली झोपून केली तर तिला ‘छंद’ म्हणतात.

आमच्या घरीही हा छंद आहे. आमच्या ह्यांची नोकरी कागदांची, पण रविवार गाडीचा. अंगणात गोणपाट पसरायचं, बॉनेट उघडायचं आणि जेवायला तीन हाका मारायला लावायच्या. गाडी झाली की घरातला कॉम्प्युटर, प्रिंटर, इन्व्हर्टर. किनाऱ्यावरच्या प्रत्येक आळीत असा एकतरी हौशी मेकॅनिक असतो आणि त्याचा आळीला फार उपयोग होतो, हे मी मोकळ्या मनानं मान्य करते. पण त्या रविवारी घरातल्या बाईचं काम काय? टॉर्च धरणं आणि ‘दहा-अकराचा पाना दे’ म्हटलं की तो देणं. वर्षानुवर्षं टॉर्च धरूनही उजेड दुसऱ्याच्याच कामावर पडत राहतो.

याची किंमत कधी कळते? आमच्या ओळखीतलं एक घर सांगते. त्या घरातले भावजी असेच हौशी. त्यांच्या पडवीत नट-बोल्टच्या बरण्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. गाडी पंधरा वर्षं जुनी, पण एका चावीत सुरू व्हायची. भावजी अचानक गेले. वहिनींनी गाडी चालवायला शिकून घेतलेलं होतं, लायसन्सही होतं. पण दिवसकार्यं होईपर्यंत गाडी उभी राहिली आणि बॅटरी उतरली. बॉनेटचा खटका कुठे आहे इथपासून प्रश्न. गॅरेजमध्ये फोन केला तर उत्तर आलं, ‘वहिनी, घरात कोणी पुरुषमाणूस असेल तर त्यांना बोलायला द्या.’ दोन पावसाळे गाडी सुरूच्या झाडाखाली उभी होती. शेवटी भंगारवाल्यानं नेली. माणूस गेल्याचं दुःख कुणाला वाटून घेता येत नाही, पण त्याच्या हातातली विद्या तरी त्याच्याबरोबर जायला नको होती.

आपल्याकडे, म्हणजे अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात, ही विद्या जास्तच लागते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. खाऱ्या वाऱ्याबरोबर तेच मीठ गाडीच्या पत्र्यावर, वायरींच्या जोडांवर आणि कॉम्प्युटरच्या आतल्या पट्ट्यांवर बसतं, ओल धरून ठेवतं आणि गंज वेगानं वाढतो. त्यामुळे पुण्यातली गाडी आणि नागावची गाडी एकाच वर्षी घेतली तरी एकाच वयाच्या राहत नाहीत. उपाय मात्र घरगुतीच आहेत. गाडीचं पोट, म्हणजे खालची बाजू, गोड्या पाण्यानं धुवायची आणि गाडी वाळूत घालायचीच नाही. किनाऱ्यावर गाडी नेऊन भरतीत अडकलेले पर्यटक आपण पाहतो आणि हसतो. पण त्या खाऱ्या पाण्याचं खरं नुकसान गाडी बाहेर काढल्यानंतर दिसायला लागतं.

यंत्राला कशाचा त्रास होतो ते आधी ओळखावं, मग उपाय करावा, याचं उत्तम उदाहरण अलिबागलाच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे चुंबकीय मोजमापं बिघडणार, हे आधीच ओळखून कुलाब्याच्या वेधशाळेचं ते काम १९०४ मध्ये अलिबागला आणलं गेलं. दुरुस्तीची पहिली पायरी हीच असते, पाना हातात घेण्याआधी कारण शोधायचं.

आता बॅटरीचंच घ्या. गाडी सुरू होत नाही, नुसता ‘टक-टक’ आवाज येतो, दिवे मंद होतात. अशा वेळी बहुधा बॅटरी उतरलेली असते, नाहीतर तिच्या टोकांवर पांढरी-हिरवट पूड साचलेली असते. गाडी बंद करून, चावी काढून आधी काळी, म्हणजे वजा खुणेची वायर सोडवायची, मग लाल. जोडताना उलट, लाल आधी आणि काळी शेवटी. हा क्रम का? गाडीचा सगळा पत्रा वजा टोकाला जोडलेला असतो. काळी वायर लागलेली असताना लाल टोकावरचा पाना चुकून पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. पूड काढायला कोमट पाण्यात खायचा सोडा, जुना टूथब्रश, हातात रबरी मोजे. कोरडं करून जोडायचं आणि वरून व्हॅसलिनचा पातळ हात. जवळपास उदबत्ती, काडेपेटी नको, कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो. यात पुरुषी ताकदीचं काम कुठे आलं, तुम्हीच सांगा.

मल्टिमीटर नावाचं छोटं यंत्र इलेक्ट्रिकच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतं. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२ च्या खाली गेली तर रिकामी. इंजिन सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान जायला हवा. तो वाढलाच नाही तर बॅटरी बदलून काही होणार नाही, दोष चार्जिंगमध्ये आहे. एवढी माहिती असलेल्या बाईला कुणी उगाच नवी बॅटरी विकू शकत नाही.

‘ताई, आता गाड्या कॉम्प्युटरवर चालतात, घरी काही करता येत नाही,’ असं ऐकायला मिळतं. अर्धं खरं आहे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि तिचं उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबलं. तिच्या जुन्या मॉडेलांना कार्बोरेटर होता. त्यातलं जेट चोंदलं की साफ करायचं, म्हणजे आपल्या स्टोव्हच्या पिनेसारखंच. आजच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते छोटा संगणक ठरवतो. पण त्याच संगणकाला बोलतं करता येतं. स्टिअरिंगखाली एक खाच असते, त्यात काडेपेटीएवढं उपकरण लावलं की मोबाईलवर बिघाडाचा सांकेतिक क्रमांक दिसतो. तो क्रमांक म्हणजे अंतिम निदान नव्हे, तापमापकावरचा आकडा समजा. ताप आहे हे कळतं, कशानं आला ते शोधावं लागतं. पण गॅरेजमध्ये जाताना हातात तो कागद असला की बोलण्याचा सूर बदलतो.

हा सूर बदलायला मोठ्या लोकांनाही लढावं लागलं आहे. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, या तक्रारीवरून ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण आपल्या पैशांनी घेतलेली वस्तू कुठे आणि कुणाकडून दुरुस्त करायची हे आपण ठरवायचं, हा मुद्दा त्यातून देशासमोर आला. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं, हे चार विषय तिच्यापुढे होते. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी सरकारी पोर्टलही सुरू झालं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर ‘ही वस्तू दुरुस्त करायला किती सोपी’ याचे गुण छापणं बंधनकारक झालं. मिक्सर घेताना रंग बघण्याऐवजी असे गुण बघायला मिळाले तर किती बरं होईल!

आता कॉम्प्युटरकडे वळू. आमच्या एका बचत गटाच्या कार्यालयात जुना संगणक आहे. कर्जाचा प्रस्ताव ऑनलाइन भरायचा होता, मुदतीला दोन दिवस उरलेले. दहा जणींचं कर्ज अडलेलं. कुणाला सुकटीचा धंदा वाढवायचा होता, कुणाला पापडाचं यंत्र घ्यायचं होतं. आणि सरकारी साइट उघडेना. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी पाटी यायची. तालुक्याहून आलेल्या दुरुस्तीवाल्यानं पाच मिनिटांत निकाल दिला, मदरबोर्ड गेला, सात हजार लागतील. गटात बारावी झालेली एक सून आहे, कोळीवाड्यातली. सासरे बोटीवर इंजिन सांभाळायचे, त्यामुळे यंत्राची भीती तिला नाही. तिनं स्क्रीनच्या कोपऱ्यात बोट दाखवलं, ‘ताई, यात २००९ साल दाखवतंय बघा.’ रोज बंद करताना घड्याळ मागे जात होतं. तारीखच चुकीची, म्हणून साइट त्या मशीनवर विश्वास ठेवत नव्हती. आत बोर्डावर एक चपटा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला होता. वायर भिंतीतून काढून, झाकण उघडून तिनं सेल बदलला, तारीख नीट लावली. खर्च चाळीस रुपये. प्रस्ताव त्याच संध्याकाळी गेला.

सात हजार आणि चाळीस, यातला फरक म्हणजे घरात कुणीतरी नीट पाहायला शिकलेलं असणं. दुरुस्तीवाला लबाड होता असंही मी म्हणत नाही, घाईतही असेल. पण त्याची घाई आपल्या पैशांवर का चालावी?

कॉम्प्युटरच्या रोजच्या दुखण्यांपैकी बरीचशी अशीच असतात. मशीन सुरू होताना नुसतं ‘बीप बीप’ करतं आणि पडदा काळा राहतो, तेव्हा अनेकदा मेमरीची पट्टी सैल झालेली किंवा खाऱ्या हवेनं काळवंडलेली असते. वीज काढून ती पट्टी हळूच सोडवायची, तिचे सोनेरी दात स्वच्छ खोडरबरानं पुसायचे, कण झटकायचे आणि खटका वाजेपर्यंत परत बसवायची. इंकजेट प्रिंटर महिनाभर पडून राहिला की शाई तोंडाशी सुकते, म्हणून आठवड्यातून एक रंगीत पान छापायचं. पावसाळ्यात कागद अडकतात ते बहुधा कागद दमट झाल्यामुळे, तेव्हा रीम पापडासारखी बंद पिशवीत ठेवायची. इंटरनेट गेलं तर आधी राउटर बंद करून मिनिटभरानं लावायचा आणि वायरी नीट बसल्यात का ते बघायचं. आणि वैशाखात, परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढायचाच, पण इंटरनेटची वायर तांब्याची असेल तर तीही काढायची. वीज तिच्यावाटेही आत येते.

आपल्याकडे पालीमुंग्यांचाही त्रास. इन्व्हर्टरच्या, पंपाच्या पेटीत पाल शिरून शॉर्ट झाल्याचं तुम्हीही ऐकलं असेल. यात लाजण्यासारखं काही नाही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-२ या अवाढव्य गणकयंत्रात रिलेमध्ये पतंग सापडला होता, तो तिथल्यांनी नोंदवहीत चिकटवून ठेवला. ही गोष्ट जगभर सांगितली ती ग्रेस हॉपर या बाईंनी. त्या त्याच गटात काम करत होत्या.

बायका आणि यंत्रं यांचं नातं नवीन नाहीच. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता, त्यानं बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह माहेरी निघाल्या. मानहाइम ते फोर्झहाइम, शंभर किलोमीटरहून जास्त अंतर. एवढा लांबचा मोटारप्रवास तोवर कुणी केला नव्हता. वाटेत इंधनाची नळी चोंदली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं साफ केली. उघडी पडलेली वायर मोज्याच्या पट्ट्यानं झाकली. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. आपल्याकडे, ‘फक्त पुरुषांसाठी’ असलेली जाहिरात पाहून सुधा कुलकर्णी या तरुणीनं जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुण्याच्या टेल्कोत पहिली महिला अभियंता म्हणून त्या रुजू झाल्या. त्याच आजच्या सुधा मूर्ती. बर्थाबाईंची पिन आणि माझ्या आजीची स्टोव्हची पिन यात मला फारसा फरक दिसत नाही. एकीची इतिहासात नोंद झाली, दुसरीची झाली नाही, एवढंच.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आपण विसरलो नाही. पोफळी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, महाड पाण्यात गेलं. दुकानांतले कॉम्प्युटर, दारातल्या गाड्या चिखलात. अशा वेळी मेकॅनिक येत नाही, त्याचंही घर पडलेलं असतं. तेव्हा एक गोष्ट माहीत असली तरी लाखाचं नुकसान वाचतं: पाणी शिरलेल्या गाडीला चावी मारायची नाही. इंजिनात पाणी असेल तर आतले दांडे वाकतात. शक्य झालं तर बॅटरीची वायर सोडवायची, फोटो काढायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि गाडी ओढूनच न्यायची. भिजलेला कॉम्प्युटरही ‘चालतोय का बघू’ म्हणून लावायचा नाही.

कशाला हात लावायचा नाही हेही शिकायला हवंच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. एअरबॅगची वायरिंग, गॅसचा किट, ब्रेक आणि विजेवरच्या गाडीतल्या केशरी जाड वायरी आपल्यासाठी नाहीत. कॉम्प्युटरमधला वीजपुरवठ्याचा बंद डबा आणि मायक्रोवेव्ह उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आत धक्का बसेल एवढी वीज शिल्लक असू शकते. फुगलेली मोबाईलची बॅटरी टोचायची, दाबायची नाही. आमच्या ह्यांच्यासारख्या हौशी मंडळींनीही हे भिंतीवर लिहून ठेवावं. हौस ही हाताला असावी, जिवावर नको.

‘मग मेकॅनिकनं खायचं काय?’ असंही कुणी विचारेल. घरी ताप आला की आपण आधी पट्ट्या ठेवतो, म्हणून डॉक्टरांचे दवाखाने बंद पडले का? जाणती गिऱ्हाईक चांगल्या कारागिराला हवीच असते, कारण ती त्याच्या कामाची खरी किंमत ओळखते. आणि तो तरी पुरुषच का असावा? आयटीआयचे दरवाजे मुलींना उघडे आहेत. मोटार मेकॅनिकला नाव घालायला निघालेल्या मुलीला घरातूनच ‘लग्नात काय सांगायचं?’ असं विचारलं जातं, तिथे अडतं. तो प्रश्न आपणच विचारत असू तर आपणच थांबवू शकतो.

मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक बचत गटानं महिन्याच्या सभेत अर्धा तास दुरुस्तीला द्यावा. आळीतल्या हौशी भावजींना बोलवा, त्यांना आवडेलच. अट एकच, पाना बाईच्या हातात आणि टॉर्च भावजींच्या. हॉलंडमध्ये मार्टिन पोस्टमा या बाईंनी २००९ मध्ये अॅमस्टरडॅमला ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला. लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि शिकत-शिकत दुरुस्त करतात. ती कल्पना आता पुष्कळ देशांत गेली आहे. आपल्या समाजमंदिरात ती का येऊ नये? दुसरी, घरात एक वही ठेवा. गाडीची, इन्व्हर्टरची, कॉम्प्युटरची बिलं, बॅटरीची तारीख, काय बदललं, किती पैसे गेले, सगळं त्यात. घरच्या हौशी माणसाच्या डोक्यातलं कागदावर आलं पाहिजे. तक्रार करायची वेळ आली तर हीच वही उपयोगी पडते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही तिच्या पहिल्या पानावर असू द्या.

आणि तिसरी, येत्या संक्रांतीची. हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकचे डबे, गाळणी, पिना लुटतो. त्यातले निम्मे पुढच्या वर्षी दुसरीकडे लुटले जातात. यंदा वाण म्हणून स्क्रूड्रायव्हर-टेस्टर द्या. डब्याइतक्याच पैशांत येतो. तिळगूळ देताना तो कसा धरायचा तेही दोन मिनिटं सांगा. गावातल्या पन्नास घरांत पन्नास टेस्टर गेले, तर त्यातले दहा तरी वापरले जातील. पुढच्या दसऱ्याला ती दहा हत्यारं पाटावर मांडताना, ती कुणाची हे विचारावं लागणार नाही.